नव्या तारिकेचं गाऱ्हाणं

महिपतराव नागवेकरांना कुणी त्यांचं प्रथमदर्शनी मत विचारावं, अशी आयुष्यातली ही दुसरी वेळ. पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोर पोह्यांची बशी घेऊन हौसाबाई उभ्या होत्या, आणि महिपतरावांनी "मीठ जरा कमी आहे" एवढंच मत नोंदवलं होतं. ते पोह्यांबद्दल होतं की मुलीबद्दल, याचा खुलासा पुढच्या पंचवीस वर्षांत झाला नाही. लग्न मात्र झालं.

दुसऱ्यांदा विचारलं ते मोटारीबद्दल. विचारायला खुद्द भागोजीशेठ उद्यमनगरातल्या त्यांच्या घरी आले. भागोजीशेठ पूर्वी कौलं आणि सिमेंटचे पत्रे विकत. मग त्यांनी नाचणे रस्त्यावर काचेच्या भिंतींचं शोरूम काढलं आणि 'तारिका' नावाची छोटी मोटार विकायला सुरुवात केली. विकण्याची पद्धत कौलांच्या वेळचीच राहिली. म्हणजे माल एकदा फाटकाबाहेर गेला की तुमचा.

"नागवेकरसाहेब," भागोजीशेठ सोफ्याच्या कडेवर टेकत म्हणाले, "रत्नागिरीतली पहिली तारिका कुणाची?"

"आमची," महिपतराव म्हणाले. हे उत्तर ते झोपेतही देत.

"आता कंपनीने तारिकेचा चेहरा बदललाय. नवे दिवे, नवी जाळी, बंपरसुद्धा गाडीच्या रंगाचा. अक्षय्य तृतीयेला आपल्या शोरूममध्ये अनावरण. पुण्याहून मॅनेजर येणार, साप्ताहिकवाले फोटो काढणार. तुम्ही गाडीत बसायचं, उतरायचं आणि पाच मिनिटं प्रथमदर्शनी मत सांगायचं. पहिल्या मानकऱ्याचा मान तुमचा."

महिपतरावांची मान इतकी ताठ झाली की आत चहा गाळणाऱ्या हौसाबाईंना ती दारातून दिसली. त्यांनी कपाळाला हात लावला, कारण तारिकेचं खरं काय ते या पृथ्वीतलावर दोनच माणसांना ठाऊक आहे, अशी नवराबायकोची समजूत होती.

खरं असं होतं. नव्व्याण्णव साली घेतलेली ती तारिका चढ लागला की उकळायची. तिचा डावा दरवाजा वळणावर आपोआप उघडायचा, म्हणून त्याच्या मुठीला नायलॉनची दोरी बांधली होती आणि दोरीचं दुसरं टोक हौसाबाईंच्या हातात असायचं. शिवाय गाडी उजवीकडे वळली की हॉर्न स्वतःच्या मर्जीने वाजायचा. महिपतराव सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते. आपली चूक झाली असं कागदावर येऊ द्यायचं नाही, या एका तत्त्वावर त्यांनी सत्तावीस वर्षं नोकरी केली होती. तेव्हा "वळणावर हॉर्न देणं हा नियम आहे" असं ते लोकांना सांगत. घाटात गाडी थांबवून बॉनेट उघडायची वेळ आली की "जरा देखावा बघू" म्हणून उतरत. तीन वर्षांत त्यांनी आंजणारी घाटाचा देखावा एवढ्या वेळा बघितला होता की तिथली माकडं त्यांना ओळखत होती. कुणी विचारलंच, "काय नागवेकर, गाडी कशी?" तर उत्तर ठरलेलं, "लोणी!" आणि हौसाबाई मागून मान डोलावत. दोरीचे वळ पडलेला हात त्या पदराखाली घेत.

पहिलं विघ्न कचेरीतून आलं. सरकारी कर्मचाऱ्याने खाजगी मालाची जाहीर स्तुती करायची तर वरिष्ठांची परवानगी हवी. महिपतरावांनी रीतसर अर्ज लिहिला. आता कर्मचाऱ्यांचे असले अर्ज आस्थापना शाखेत, म्हणजे महिपतरावांच्याच टेबलावर येत. दुपारी शिपायाने त्यांचाच अर्ज आवक शिक्का मारून त्यांच्यापुढे ठेवला. महिपतराव नियमाला पक्के. त्यांनी चष्मा लावून तो परक्याचा असावा तसा वाचला आणि शेरा मारला, 'अर्जदाराने "प्रथमदर्शनी मत" या संज्ञेचा खुलासा केलेला नाही. तसेच मत अनुकूल की प्रतिकूल, हे मत देण्यापूर्वी कळवावे.' दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जदार या नात्याने खुलासा दिला, 'मत अनुकूलच राहील.' त्यावर तिसऱ्या दिवशी आस्थापना शाखेने विचारलं, 'पाहण्यापूर्वीच मत अनुकूल असल्यास ते प्रथमदर्शनी कसे?' या प्रश्नाचं उत्तर महिपतरावांना महिपतरावांकडून मिळेना. अखेर साहेबांनी फाईल न उघडताच 'पाहिले' असं लिहून सही केली. त्याचा अर्थ परवानगी असाच काढायचा असतो.

दुसरं विघ्न शेजाऱ्यांचं. बातमी आळीत पसरली आणि सल्ले चालत दारात आले. समोरच्या बंगल्यातले रावजी शेट्ये बँकेत अधिकारी. त्यांच्याकडे अजून स्कूटरच होती, पण मत चारचाकीचं असे. ते म्हणाले, "नागवेकर, सुरुवात संस्कृत श्लोकाने करा. आणि एक, भाषणात कुठेही पाण्याचा उल्लेख नको."

"पाण्याचा? का?"

"नाही, उगाच. मी आपलं सुचवलं," असं म्हणून रावजी हसले. ते हसू महिपतरावांना दोन दिवस टोचत राहिलं.

शेजारचे मजीदभाई काझी अठरा वर्षं मस्कतला मोठ्या गॅरेजात काढून आलेले. त्यांचा सल्ला सगळ्यात लहान होता आणि म्हणून कुणी मनावर घेतला नाही. ते कुंपणावर हात ठेवून म्हणाले, "महिपतराव, मस्कतला आमचा फोरमन एक गोष्ट सांगायचा. गाडीचं तोंड गिऱ्हाइकासाठी असतं, पोट मेकॅनिकसाठी. तुम्ही आधी बॉनेट उघडा, मग तोंड उघडा."

"मजीदभाई, मला प्रथमदर्शनी मत द्यायचंय. बॉनेटखालचं द्वितीयदर्शनी होईल."

"बरं बाबा. तुमची मर्जी," मजीदभाई म्हणाले आणि आंब्याची कलमं बघायला गेले.

तिसरं विघ्न मात्र महिपतरावांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गाडीत घालून आणलं. झालं असं की अक्षय्य तृतीयेला लग्नं आणि वास्तुशांती इतक्या, की गाडीच्या पूजेला भटजी मिळेना. भागोजीशेठ हवालदिल झाले. पुण्याच्या मॅनेजरांनी फोनवर सांगितलं होतं की कार्यक्रमात काहीतरी 'इथल्या मातीतलं' हवं. तेव्हा महिपतराव छाती काढून म्हणाले, "त्यात काय? आमच्या गावचे सखारामतात्या गाऱ्हाणं घालतील. मी घेऊन येतो."

गाऱ्हाणं म्हणजे इथल्या गावांत कुठल्याही शुभकामाच्या आरंभी देवाला घातलेली हाक. मानकरी उभा राहून ग्रामदेवतेला सगळी हकिगत सांगतो, अडचणी सांगतो, त्या दूर कर म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. यात एक अट असते. देवाला अडचण नेमकी सांगावी लागते. मोघम सांगितलं तर देव मोघमच निवारण करतो. ही अट महिपतरावांना लहानपणापासून ठाऊक होती. मान मिळणार म्हटल्यावर माणूस काय काय विसरतो, याचा मात्र त्यांना अंदाज नव्हता.

सखारामतात्या महिपतरावांचे चुलतकाका. वय अठ्ठ्याहत्तर. गाव लांज्याच्या बाजूला, आंजणारीच्या पलीकडे. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी सहाला महिपतराव त्यांना आणायला गेले. जाताना एकटेच होते, म्हणून डाव्या दरवाजाची दोरी गियरच्या दांडीला बांधली होती. येताना ती तात्यांच्या हातात आली.

"ही कशाला रं?" तात्यांनी विचारलं.

"धरून ठेवायची, तात्या. तेवढीच सोय."

पहिल्या डाव्या-उजव्या वळणात तात्यांना सोय कळली. दरवाजा उघडला, तात्यांचा पांढरा फेटा रस्त्यावर गेला आणि हॉर्न वाजू लागला. फेटा आणून पुन्हा बांधेपर्यंत पाव तास गेला. मग आंजणारीचा पूल ओलांडून चढ लागला आणि तारिका उकळली. महिपतराव सवयीने म्हणाले, "जरा देखावा बघू."

"देखावा काय बगतंस? धूर येतोय म्होरनं!" तात्या ओरडले.

तीनदा उकळली. महिपतराव भाषणासाठी इस्त्रीचे कपडे घालून आलेले. नदीत उतरायचं तर पँटची घडी मोडणार. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तात्या नव्या धोतराचा काचा मारून तीनदा खाली नदीवर गेले आणि तीनदा डबा भरून वर आले. तिसऱ्या खेपेला ते दगडावर बसले.

"म्हयपत, आमची हौसा रोज ही दोरी धरते?"

"रोज नाही. वळणं असली तरच."

"रत्नांग्रीत वळनं न्हायत असा रस्ता कंचा?"

महिपतरावांनी गाडी सुरू केली. हातखंबा मागे पडल्यावर मात्र त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि तात्यांचे हात धरले. "तात्या, पाया पडतो. शोरूममध्ये यातलं एक अक्षर कुणाला सांगू नका. तीन वर्षं मी लोकांना लोणी म्हणून सांगितलंय, हौसानेही हाताचे वळ लपवून हो म्हटलंय. आज चार माणसांत माझी लाज तुमच्या हातात आहे."

तात्यांना वाईट वाटलं. पोरगा लहानपणीही असाच होता, परीक्षेत नापास झाला तरी पेढे वाटायचा. "मी कशाला कोना मानसाला सांगू?" ते म्हणाले. "माज्या तोंडाला कुलूप. निर्धास्त ऱ्हा."

महिपतराव निर्धास्त राहिले.

शोरूम फुलांनी सजवलं होतं. काचेच्या भिंतींमुळे आत चुलीवर बसल्यासारखं उकडत होतं, पण पुण्याचे मॅनेजर टाय सोडायला तयार नव्हते. मधोमध लाल सॅटिनखाली नवी तारिका. समोर खुर्च्यांवर आळीतली, कचेरीतली, बाजारातली माणसं. पहिल्या रांगेत रावजी शेट्ये, त्यांच्या खिशातून चेकबुकाचं निळं टोक डोकावत होतं. ते टोक महिपतरावांना आत शिरताच दिसलं. रत्नागिरीतली पहिली नवी तारिका रावजीची होणार! म्हणजे यापुढे 'पहिली' म्हणताना 'जुन्यातली पहिली' असं म्हणावं लागणार. हौसाबाई मजीदभाई आणि त्यांच्या मंडळींसोबत रिक्षाने आधीच आल्या होत्या. तात्यांचं ओलं धोतर बघून त्या काय ते समजल्या.

सॅटिन ओढलं. टाळ्या झाल्या. गाडी खरंच देखणी दिसत होती. पूर्वीचे चौकोनी दिवे जाऊन काचेचे टपोरे डोळे आले होते, पुढची जाळी चांदीच्या रंगाची, बंपर चकचकीत. आतल्या सीटवर फुलाफुलांचं कापड. जुनी तारिका कचेरीतल्या कारकुनासारखी दिसायची, ही त्याच कारकुनाच्या लग्नातल्या फोटोसारखी दिसत होती. महिपतराव हुरळले. भाषणाचे चार कागद त्यांनी खिशात चाचपले.

"आता सखारामतात्या गाऱ्हाणं घालतील," भागोजीशेठनी माइकवर सांगितलं.

तात्या पुढे आले. माइक त्यांनी हाताने बाजूला सारला, त्यांना त्याची गरज नव्हती. नारळ हातात घेऊन डोळे मिटले आणि असा आवाज लावला की काचा थरथरल्या.

"बा केदारलिंगा! आई नवलाई, पावनाई, जाखमाते! आज ह्या अक्षय तिरतीयेच्या दिशी भागोजीशेटनी नवी गाडी आनलान हाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळं शोरूम एका सुरात म्हणालं. मॅनेजर दचकले, मग खूश होऊन त्यांनीही ओठ हलवले.

"आंब्याच्या दिसांत, कामधंदा खोळंबून चार लोकं हितं जमली हायत, त्यांची सेवा मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गाडीची जी थोरली भन, ती आमच्या म्हयपतीच्या दारात हाय!"

"व्हय म्हाराजा!" महिपतरावांनीही म्हटलं. उल्लेख गौरवाचा वाटला.

"ती चढाव दिसला की उकळते!"

"व्हय म्हाराजा!"

लोकांनी अर्थ कळायच्या आधीच म्हाराजा म्हटलं होतं. गाऱ्हाण्यात तसंच असतं, मानकऱ्याचा आवाज टिपेला जाऊन थांबला की कोकणी माणसाची जीभ आपोआप उचलते. त्यात डोक्याचा संबंध नसतो. महिपतराव तर शिमग्याच्या पालखीपुढे हेच करत वाढलेले.

"आज सकाळच्या पारी आंजनारीला तीनदा उकळली! ह्या म्हाताऱ्यानं तीनदा नदीवरनं पानी आनलं! तसली पिडा ह्या धाकटीला लावू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज वाढला होता. मागच्या रांगांत माणसं उठून उभी राहिली.

"उजव्या अंगाला वळली की आपसूक बोंबलते! डाव्या अंगाचा दरवाजा उघडतो, तो घरच्या लक्षुमीनं तीन वरसं दोरीनं धरून ठेवलान हाय! तिच्या हाताला वळ पडले, तरी चार लोकांत 'गाडी बरी हाय' म्हनलीन! तिचे कष्ट दूर कर!"

"व्हय म्हाराजा!" बायकांचा आवाज सगळ्यात मोठा आला. हौसाबाई खाली बघत होत्या.

भागोजीशेठ तात्यांच्या पाठीमागे हातवारे करत होते. पण गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं, तोडलं तर खापर तोडणाऱ्यावर. शेठ झाले तरी तेही इथलेच. त्यांचे हात हवेतच राहिले.

"आन् माज्या पोराला हे सांगाया लाज वाटते!" तात्यांनी नारळ कपाळाला लावला. "तीन वरसं त्यानं हे मनात कोंडून ठेवलान हाय! देवा, त्येच्या मनावरचा ह्यो भार तेवढा उतरव!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा गजर सगळ्यांत खणखणीत कुणी केला असेल तर तो महिपतरावांनी. जीभ उचलली गेली, हात आपोआप जोडले गेले आणि आवाज असा लागला की सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. सहीशिक्क्यानिशी कबुलीजबाब देऊन ते खुर्चीवर बसले.

तात्या नारळ फोडून परत आले आणि शेजारी बसत हळूच म्हणाले, "घाबरू नको. मानसाला येक अक्षर सांगितलं न्हाय. देवाला सांगितलं."

महिपतरावांना वाटलं, फरशी दुभंगावी. पण भागोजीशेठनी फरशी चांगल्या प्रतीची बसवली होती. तेवढ्यात मॅनेजर माइकवर आले. त्यांना भाषा निम्मीच कळली होती. "वा! अप्रतिम लोककला! आता रत्नागिरीतील तारिकेचे पहिले ग्राहक, श्रीयुत नागवेकर, आपलं प्रथमदर्शनी मत मांडतील," ते शुद्ध तुपातल्या मराठीत म्हणाले.

महिपतराव उठले. माइकपर्यंत दहा पावलं होती. खिशातले चार कागद काढले, पहिल्या ओळीतला संस्कृत श्लोक बघितला आणि कागद परत ठेवले.

"मंडळी," ते म्हणाले, "तात्या बोलले ते खरं आहे."

त्यांनी माइक जवळ ओढला.

"गाडी उकळते. तीन वर्षं मी तुम्हाला लोणी सांगितलं, ते खोटं. घाटात मी देखावा बघत नव्हतो, इंजिन गार व्हायची वाट बघत होतो. पहिली गाडी आपली, मग ती वाईट कशी म्हणायची? एवढ्यासाठी मी खोटं बोललो आणि बायकोलाही बोलायला लावलं. त्याची मला लाज वाटते. गाडीची नाही."

मग मागून एक मास्तर उठले. "आमचीपण उकळते हो, नागवेकर! मी निवळीच्या घाटात देखावा बघतो!" त्यांच्यामागून एक आंबा व्यापारी उठला. त्याच्या गाडीचा तर मागचा दरवाजा पेट्यांसकट उघडला होता. माणसं हसू लागली, पण ते हसणं महिपतरावांना टोचलं नाही. रावजी शेट्येंनी पुढे येऊन त्यांचा हात हातात घेतला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले, "पण तुम्ही बोलाल असं वाटलं नव्हतं." महिपतरावांना इतकं हलकं वाटलं की तीन वर्षांत प्रथमच त्यांनी पूर्ण श्वास घेतला. त्यांनी हौसाबाईंकडे बघितलं. हौसाबाई रडत होत्या आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर महिपतराव थोर ठरले असते. पण भागोजीशेठनी कौलं विकली होती. फुटक्या कौलाचंही गिऱ्हाईक असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माइक घेतला.

"मंडळी! याला म्हणतात सच्चा ग्राहक! कंपनीने तारिका बदलली ती का? नागवेकरसाहेबांसारख्या माणसांनी सोसलं म्हणून! ही नवी तारिका म्हणजे एका अर्थी नागवेकरसाहेबांचीच निर्मिती!"

मॅनेजरना हा मुद्दा झटकन कळला. त्यांनी महिपतरावांच्या गळ्यात हार घातला आणि टाळ्या सुरू केल्या. महिपतरावांनी एकदा हाराकडे, एकदा गाडीच्या टपोऱ्या डोळ्यांकडे बघितलं. आपल्यामुळे? त्यांना तसं वाटायला लागलं. वाटायला फार वेळ लागला नाही.

"तर मग," भागोजीशेठ म्हणाले, "रत्नागिरीतलं नव्या तारिकेचं पहिलं बुकिंग कोण करणार?"

रावजींचा हात खिशातल्या निळ्या टोकाकडे गेला.

त्याच वेळी मजीदभाईंनी कुणाला न विचारता नव्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं. ते वाकले, आत हात घातला, पंखा फिरवून बघितला आणि ओरडले, "महिपतराव! अहो, आत सगळं तेच आहे! तोच रेडिएटर, तोच पंखा! तोंडाला नुसती पावडर लावलीय!"

महिपतरावांनी ते ऐकलं, सबंध शोरूमने ऐकलं. रावजींनीही ऐकलं आणि त्यांचा हात खिशाजवळ थबकला. पण तो खिशाजवळ होता. महिपतरावांना फक्त तो हात दिसत होता.

"आमचं!" ते ओरडले. "पहिलं बुकिंग आमचं!"

रावजींनी हात काढून घेतला, रुमालाने घाम पुसला आणि मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या. इतक्या मनापासून वाजवलेल्या टाळ्या त्यांच्याकडून महिपतरावांना याआधी कधी मिळाल्या नव्हत्या.

फॉर्मवर सही करून, हार सावरत महिपतराव बघतात तो हौसाबाईंची खुर्ची रिकामी. तात्याही नाहीत. ते बाहेर धावले. फाटकापाशी रिक्षात तात्या बसले होते आणि हौसाबाई चढत होत्या.

"अगं, कुठे चाललीस? आता फोटो आहे! पहिलं बुकिंग मिळालं आपल्याला!"

"ऐकलं मी," हौसाबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळेच महिपतरावांना भीती वाटली. "तात्यांना एस.टी.वर सोडते आणि घरी जाते. गाडी तुमची तुम्ही आणा. ही आणा, आणि ती येईल तेव्हा तीही आणा. मी आता कुठल्याच तारिकेत बसायची नाही."

"अगं, पण नवीन आहे ती!"

हौसाबाईंनी पदर सारखा केला. "अहो, मघाशी तुम्ही माइकवर उभे होतात ना, तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वाटला. म्हटलं, हा माणूस इतके दिवस कुठे होता?" त्या रिक्षात बसल्या. "पाच मिनिटंच होता, पण होता. तेवढ्यावर काढीन मी उरलेली वर्षं." मग त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला हो, स्टँडवर."

रिक्षा गेली. महिपतराव हार घालून उन्हात उभे राहिले. मागे धावावं असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं, एक पाऊल त्यांनी उचललंही. तेवढ्यात आतून मॅनेजरांचा आवाज आला, "नागवेकरसाहेब, फोटोग्राफर थांबलेत!"

महिपतराव आत गेले. साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो छापून आला, आणि तो चांगला आला होता.